जनरेटर बिघडलेला नसतो, त्याला डिझेल पोचत नसतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचा फोटो आपल्या अंकात आला, त्यात तंबूंच्या मागे एक पांढरी मोटरहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी दिसते. त्या गाडीखाली मी दीड दिवस घोंगडी टाकून पडलो होतो, म्हणून हे पत्र.

शहाद्याला माझं डिझेल इंजिन दुरुस्तीचं दुकान आहे. छत्तीस वर्षं झाली. सुरुवात तापीकाठच्या विहिरींवरच्या ऑइल इंजिनांपासून केली, मग पिठाच्या गिरण्या आल्या, लोडशेडिंगच्या काळात मंगल कार्यालयांचे जनरेटर आले. आता ह्या घरासारख्या गाड्या येऊ लागल्यात. राज्य सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून यात्रेला, तोरणमाळला, उनपदेवला एखादी तरी दिसतेच. चांगलं आहे. पण गाडी भाड्याने देणारे घेणाऱ्याला टीव्ही कसा लावायचा ते सांगतात, जनरेटर डिझेल कुठून आणि किती ओढतो ते सांगत नाहीत.

नाशिकचं कुटुंब होतं. सत्तरीचे काका, काकू आणि दहावीतली नात, सोबत धुळ्याकडचा ड्रायव्हर पोरगा. काकांचा श्वास झोपेत अडकतो, त्यांना रात्री मशीन लावून झोपावं लागतं. त्यामुळे त्या गाडीत वीज ही चैन नव्हती. जनरेटर सुरू व्हायचा, पंधरा-वीस मिनिटं चालायचा, मग दिवे कमी-जास्त व्हायला लागायचे, इंजिन घुंई-घुंई करायचं आणि बंद पडायचं. मालकाकडे फोन केला तर उत्तर मिळालं, ओव्हरलोड होतोय, एसी लावू नका. वाटेत एका गॅरेजवाल्याने एव्हीआर, म्हणजे जनरेटरचा व्होल्टेज सांभाळणारा भाग, बदलून साडेचार हजार घेतले. जुना एव्हीआर काकूंनी पिशवीत जपून ठेवला होता. सगळं काम झाल्यावर मी तोच परत बसवून पाहिला. उत्तम चालला. म्हणजे ते पैसे फुकट गेले, आणि दोन रात्री काका खुर्चीत बसून झोपले.

माझी तळमळ ह्याच गोष्टीसाठी आहे. जनरेटर बंद पडला की सगळे विजेच्या बाजूला धावतात. तो कसा बंद पडतो हे आधी कान देऊन ऐकायला हवं. वायर सुटली, ऑइल कमी झालं, सेन्सरने बंद केला, तर इंजिन टक्कन थांबतं. डिझेल कमी पडलं तर ते तसं थांबत नाही. ते दम लागल्यासारखं करतं, खाली जातं, परत उचल खातं, परत खाली जातं. आम्ही त्याला हंटिंग म्हणतो. दिव्यांकडे पाहिलं तरी कळतं. हे दिसलं की वायरिंगला हात लावायचा नाही, टाकीकडे जायचं.

मी ड्रायव्हरला पहिला प्रश्न तोच केला, "भाऊ, टाकीमा डिझेल शे ना?" तो म्हणाला, "शे ना. काटा पावना खाले शे, पन गाडी चालस."

काटा पाव टाकीच्या खाली, तरी गाडी चालते, आणि तेच फसवं आहे. अशा बऱ्याच गाड्यांत जनरेटरला वेगळी टाकी नसते, तो गाडीच्याच टाकीतून डिझेल ओढतो. पण त्याची ओढायची नळी मुद्दाम आखूड ठेवलेली असते, साधारण पाव टाकीपर्यंतच पोचणारी. कारण सरळ आहे. रात्रभर जनरेटर चालला आणि टाकी तळापर्यंत रिकामी झाली तर सकाळी गाडी रानातच अडकेल. म्हणून पाव टाकी गाडीसाठी राखून जनरेटर आपोआप थांबतो. ही सोय आहे, बिघाड नाही. पण ज्याला कुणी सांगितलंच नाही त्याला तो बिघाडच वाटणार. त्यातून गाडी उतारावर उभी असेल तर पाव टाकीच्या वर काटा असूनही नळीचं तोंड उघडं पडतं, कारण डिझेल एका अंगाला जातं. तोरणमाळच्या घाटात कुठे थांबणार असाल तर हे लक्षात असू द्या.

वीस लिटर डिझेल आणून टाकलं. जनरेटर सुरू झाला, सगळ्यांना बरं वाटलं. सतरा मिनिटांनी परत घुंई-घुंई. म्हणजे दोन दुखणी एकावर एक होती, आणि पहिल्याने दुसरं झाकलं होतं.

इथे मी जे केलं ते प्रत्येकाला करता येईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घेतला, त्यात चाळणीतून गाळलेलं डिझेल भरलं. टाकीकडून येणारा पाइप जनरेटरच्या तोंडाशी सोडला आणि कॅनमधून नवा पाइप थेट जोडला. जादा डिझेल परत नेणारी दुसरी नळी असते, तिचंही तोंड कॅनमध्येच सोडायचं, नाहीतर कॅनमधलं डिझेल गाडीच्या टाकीत जात राहतं. एअर काढली, म्हणजे पाइपात अडकलेली हवा बाहेर सोडली, आणि इंजिन सुरू केलं. एसी लावला, गीझर लावला. सव्वा तास चालला, दिवा एकदाही लवला नाही. म्हणजे जनरेटर निरोगी. दुखणं टाकीपासून जनरेटरपर्यंतच्या चार मीटरांत. एका कॅनने अर्धं शोधकाम संपलं. हे आधीच केलं असतं तर साडेचार हजारांचा एव्हीआर कुणी बदलला नसता.

मग फिल्टर उघडला. वाटीत ओतला तर आधी पाणी आलं, मग काळा चिकट थर, विहिरीच्या पायरीवरच्या शेवाळासारखा बोटाला बुळबुळीत. डिझेलमध्ये पाणी साचलं की पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात, त्यांचाच तो थर. ह्या गाड्या वर्षातले बरेच महिने अर्ध्या टाकीवर उभ्या असतात. आपल्याकडे दिवसा ऊन, आणि डिसेंबरात तापीकाठी पहाटे हात बधिर होतात. टाकीच्या रिकाम्या भागाला आतून घाम येतो, तो थेंब-थेंब तळाशी जातो. उभी ठेवताना टाकी भरून ठेवली तर घाम यायला जागाच राहत नाही. आणि महिन्यातून एकदा तरी दोनेक तास, निम्मा लोड लावून जनरेटर चालवायला हवा. नुसता रिकामा पाच मिनिटं फिरवून उपयोग नाही. फिल्टर कधी बदलला होता, हे गाडीतल्या कुठल्याच कागदावर नव्हतं.

नवा फिल्टर घातला, टाकीच्या तळाचं पाणी काढलं, तरी पंधरा मिनिटांनी तेच. खरं सांगतो, त्या वेळी मलाही घाम फुटला. अंधार पडत होता.

मग मी पंपाला कान लावला. डिझेल उचलणारा छोटा विजेचा पंप टिक्-टिक् वाजतो. त्याच्या पोटात डिझेल भरलेलं असलं की ठोके जड आणि संथ येतात. हा पंप टिकटिकटिकटिक असा घाईने वाजत होता, रिकामा रहाट फिरावा तसा. पंप डिझेलबरोबर हवा गिळत होता. पण पाइप कुठेच ओला नव्हता. ड्रायव्हर म्हणाला, गळत नाही तर पाइप चांगलाच असणार.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागू नये. विहिरीवरच्या मोटारीच्या सक्शन पाइपला बारीक भोक पडलं तर पाणी बाहेर येतं का? नाही. मोटार हवा घेते आणि पाणी उचलत नाही, आणि आपण पाइपच्या तळाचा फुटव्हॉल्व्ह तपासत बसतो. डिझेलचंही तेच. टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप ओढणारा असतो, दाबाचा नसतो. त्याला तडा गेला तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. इंजिन सुरू होतं, चालतं, पण ती हवा हळूहळू फिल्टरच्या डोक्यावर साठत जाते, आणि साठा पुरेसा झाला की डिझेल तुटतं. म्हणूनच दरवेळी पंधरा-वीस मिनिटं. ओव्हरलोड म्हणणाऱ्याने हा वेळेचा हिशोब विचारात घेतलाच नाही.

तडा शोधायला यंत्र लागत नाही. शेजारी मंदिराच्या बाजूला बांधकाम चालू होतं, गवंड्याकडून लेव्हलची पारदर्शक नळी हातभर मागून आणली. पंपाच्या आधी ती मध्ये जोडली आणि बॅटरी मारली. जिऱ्याएवढे बुडबुडे एकामागे एक ओळीने येत होते, माळेत ओवल्यासारखे. मग टाकीकडून सुरुवात केली, एकेक सांधा आणि पाइपचा एकेक वीत भाग तेलाने माखलेल्या कापडाने गच्च आवळत गेलो. मागच्या चाकाच्या वर, जिथे पाइप चेसिसच्या पट्टीला घासत होता, तिथे कापड आवळलं आणि बुडबुडे थांबले. काढून वाकवून पाहिला तर केसाएवढी चीर, नखाने दाबल्यावरच उघडणारी. गाडीच्या प्रत्येक हादऱ्याबरोबर तो पाइप त्या धारदार कडेवर घासत आला होता, मध्ये रबराचा एक तुकडा कुणी घातला नव्हता.

पाइप बदलला, दोन नवे क्लॅम्प लावले, पट्टीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. फिल्टरवरचा बोल्ट सैल करून बुडबुड्याशिवाय सलग धार येईपर्यंत एअर काढली. सगळा खर्च माझ्या मजुरीसकट नऊशे रुपये.

एका गोष्टीबद्दल मात्र मी काकांना रागावलो, आणि ते इथेही लिहितो. वारा लागतो म्हणून त्यांनी गाडीच्या त्या बाजूला ताडपत्री बांधली होती, आणि जनरेटरचा सायलेन्सर त्याच बाजूला. धूर ताडपत्रीखाली कोंडून खिडकीतून आत जायचा. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याने ती गेली, असं तपासात निघालं. त्या वायूला वास नाही, रंग नाही, झोपेत काही कळत नाही. ताडपत्री मी स्वतः काढली. संध्याकाळी माणसं बाहेर असताना तीन तास जनरेटर चालवून बॅटऱ्या भरल्या, आणि रात्री काकांचं मशीन इन्व्हर्टरवर चाललं. सकाळी काकूंनी पोहे पाठवले, म्हणाल्या, "भाऊ, आज ते पाय लांब करून झोपले."

आता मागणं. गाडी भाड्याने देणाऱ्यांनी जनरेटरच्या झाकणावर मराठीत चार ओळींची पट्टी लावावी. काटा किती खाली आला की जनरेटर थांबणार, फिल्टर कोणत्या तारखेला बदलला, पाणी कोणत्या बोल्टमधून काढायचं, सायलेन्सर कुठल्या बाजूला आहे. स्टिकरचा खर्च शंभर रुपयेही नाही. चावी देताना ड्रायव्हरकडून एकदा एअर काढून घ्यावी, म्हणजे रात्री त्याचा हात थरथरणार नाही. आणि यात्रेचं नियोजन करणाऱ्यांना विनंती, घोड्यांना पाण्याची जशी सोय करता तशी अशा गाड्यांसाठी एका कडेला मीटरची वीज आणि प्लग द्या, पैसे घेऊन द्या. म्हणजे रात्री तंबूंच्या मधोमध कुणाला जनरेटर चालवावा लागणार नाही. शेजारी झोपलेल्या घोडेवाल्यांच्या लेकरांनाही तो धूर लागतोच.

तो चिरलेला पाइपचा तुकडा मी दुकानात खिळ्याला टांगून ठेवलाय. कुणाला मोटरहोम घ्यायची असेल, चालवायची असेल, तर शहाद्याला येऊन हातात घेऊन वाकवून पाहावा.

आपला,
एक डिझेल मिस्त्री,
शहादा, जि. नंदुरबार