ढेकण्यांवर फवारण्याआधी त्यांची अंडी पाहावीत

मा. संपादक,

सरदाचे (पावसाळी) भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर आम्ही डिचोलीत अळसांदे (चवळी) पेरतो. शेंगा भरू लागल्या की हिरवा ढेकण्या हा उग्र दर्पाचा किडा येतो, कोवळ्या दाण्यातील रस शोषतो आणि दाणे सुरकुततात. दुकानात गेल्यास कोणते तरी कीटकनाशक हाती पडते. गेल्या हंगामात तर मला ढेकण्यासाठी ट्रायकोकार्डे, म्हणजे ट्रायकोग्रामा या बारीक मित्रमाशीने ग्रासलेली पतंगाची अंडी चिकटवलेली कार्डे, देण्यात आली; ही कार्डे पतंगवर्गीय किडींच्या अंड्यांसाठी असतात, ढेकण्यावर त्यांचा उपयोग होत नाही.

ढेकण्याच्या अंड्यांचे वैरी वेगळे, ट्रिसोल्कस आणि टेलेनोमस या गटांतील परोपजीवी गांधीलमाश्या. 'गांधीलमाशी' या नावाने घाबरण्याचे कारण नाही. त्या जेमतेम एक-दीड मिलिमीटरच्या असतात आणि माणसाला चावत नाहीत. मादी ढेकण्याच्या अंड्यात आपले अंडे घालते, आतील अळी त्यावरच वाढते आणि ढेकण्या जन्मालाच येत नाही. ज्या दर्पामुळे आपण ढेकण्याला हात लावत नाही, त्याच दर्पाचा माग काढत यांतील काही जाती त्याच्यापर्यंत पोचतात.

मी पानाखालचा एक पुंजका बाटलीत घालून तोंडाला मलमल बांधून ठेवला होता. पिंपाच्या आकाराची, एकमेकांना चिकटून रांगेत मांडलेली ती अंडी निरोगी असती तर उबण्याआधी तांबूस झाली असती. त्यांतील बरीचशी मात्र काळवंडली आणि काही दिवसांनी वेडेवाकडे भोक पाडून मुंगीहूनही बारीक काळ्या माश्या बाहेर आल्या. म्हणजे हे मित्रकीटक आमच्या शेतात आहेतच, सरसकट फवारणीत आधी तेच मरतात.

ऑस्ट्रेलियाने १९३० च्या दशकात हिरव्या ढेकण्यासाठी ट्रिसोल्कस बाहेरून आणला. ब्राझीलमध्ये सोयाबीनसाठी टेलेनोमस व्यापारी तत्त्वावर विकला जातो. तरीही परदेशी जात आणून सोडण्याची घाई मी सुचवणार नाही, कारण हवाईत असा आणलेला ट्रिसोल्कस तेथील निरुपद्रवी स्थानिक ढेकण्यांच्याही अंड्यांवर जगताना आढळला आहे. आपल्याकडील जातीच वाढवाव्यात. अडचण एवढीच की ट्रायकोग्रामा तांदळावरील पतंगाच्या अंड्यांवर स्वस्तात वाढते, या माश्यांना मात्र ढेकण्याचीच अंडी लागतात, म्हणून आधी ढेकण्या पाळावा लागतो. हे काम एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले नाही.

जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोच्या साहाय्याने गोव्यातील अळसांद्यांवर कोणत्या जाती आहेत याची पाहणी करावी आणि कृषी खात्याने फवारणीच्या सल्ल्यात 'आधी पानाखालची अंडी तपासा, काळी दिसल्यास थांबा' ही ओळ घालावी, अशी विनंती आहे. पाहणीसाठी माझे शेत खुले आहे. येत्या पेरणीआधी कळवले, तर बांधाला धने टाकून ठेवीन, कारण पूर्ण वाढलेल्या मित्रमाश्यांना फुलातील मध लागतो.

आपला,
एक शेतकरी, डिचोली