मुळशीपासून केलिन तलावापर्यंत : मामांना आभाराचे पत्र

तीर्थस्वरूप मामांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आईला वेल्सचा प्रवास घडवल्याबद्दल आपले मनापासून आभार मानते. हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे, कारण त्यातला एक प्रसंग धरणासाठी मुळशी खोऱ्यातून उठवल्या गेलेल्या आपल्यासारख्या घरांपर्यंत पोहोचावा, असे मला वाटते.

कार्डिफहून उत्तर किनाऱ्यावरच्या लॅनडिड्नोला जाणारा ए ४७० हा रस्ता सुमारे ३०० किलोमीटरचा. पण आईच्या गुडघ्यांचा विचार करून आपण तो सावकाश, मुक्काम करत पार केलात. मर्थर टिडविलमध्ये आपल्या जुन्या रुग्णांनी रस्त्यात थांबून तिचे हात हातात घेतले, तेव्हा कोळशाच्या त्या खोऱ्यांत आपल्या भावाने आयुष्यभर काय केले, ते तिला प्रथमच डोळ्यांनी दिसले.

सर्वांत मोठे ऋण मात्र ट्रॉस्व्हनिदजवळ मुख्य रस्ता सोडून आपण बाला या गावाकडे गाडी वळवलीत, त्याचे आहे. लिव्हरपूल शहराला पाणी मिळावे म्हणून ट्रवेरिन नदी अडवली गेली आणि १९६५ मध्ये कॅपेल केलिन हे वेल्श बोलणारे गाव शाळा, पोस्ट आणि चॅपेल यांसह तिथल्या तलावाखाली गेले. गावकऱ्यांनी १९५६ मध्ये लिव्हरपूलच्या रस्त्यांवर मोर्चा काढला होता. वेल्सच्या जवळजवळ सर्व खासदारांचा विरोध असूनही १९५७ मध्ये कायदा संमत झाला. लिव्हरपूलच्या नगर परिषदेने माफी मागितली ती २००५ मध्ये. सेनापती बापटांच्या १९२१ च्या मुळशी सत्याग्रहातली ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा आजोबांच्या तोंडून ऐकत वाढलेल्या आईला यातले काहीही समजावून सांगावे लागले नाही.

बालाजवळच्या आपल्या मित्राच्या शेतावर त्यांच्या वृद्ध मातोश्री भेटल्या, ज्या त्या बुडालेल्या शाळेत शिकल्या होत्या. त्यांचे वेल्श बोलणे मित्र इंग्रजीत आणि ते आपण मराठीत आणत होतात, आणि मध्ये ‘बारा ब्रिथ’ या सुक्या फळांच्या वेल्श पावाचे लोणी लावलेले काप फिरत होते. आईने पहिलाच प्रश्न विचारला, “तुमचे देव कुठे हलवले?” काही थडगी हलवली, बाकीची पाण्याखालीच राहिली, असे त्यांनी सांगितले. मग आजीकडून ऐकलेली आपल्या शेतांची नावे आईने एकेक करून म्हटली आणि त्यांनी ती सगळी शांतपणे ऐकून घेतली. एवढे मोकळेपणाने ती माझ्याशीही कधी बोललेली नाही, मामा. हे घडावे म्हणून आपण ती भेट आधीपासून ठरवली होतीत, हे मला नंतर कळले.

परत आल्यापासून आई त्या शेतांच्या आठवणी मला सांगते आहे आणि मी त्या लिहून घेते आहे. वही पुरी झाली की आपल्याकडे पाठवीन. तिचे इंग्रजी करून ते बालाला पोहोचवावे, अशी आईची आपल्याला विनंती आहे.

आपली भाची