साक्ष कोणाची?

चि. लाडक्या लेकीस अनेक आशीर्वाद.

लग्न नोंदणी पद्धतीनं करायला माझी आणि तुझ्या आईची संमती आहे. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. अंतरपाट नाही, मंगलाष्टकं नाहीत, लग्न लावणारा महाराज नाही, सप्तपदी नाही. सगळं मान्य. तुझ्या मामानं मला विचारलं, पोरीनं देव सोडला आणि तुम्ही भजनी मंडळाचे माणूस गप्प कसे? त्याला जे सांगितलं तेच तुला जरा सविस्तर लिहितो.

माझा देवावर विश्वास आहे. तू म्हणतेस तसा तो नुसता सवयीचा नाही. दिवसभर वावरात राबून, सोसायटीच्या कर्जाचा हिशोब डोक्यात घेऊन मी रात्री खंजिरी हातात धरतो, आणि चार माणसांचा सूर एक झाला की मला आत कुठंतरी पक्कं कळतं की मी एकटा नाही. हे मला सिद्ध करता येत नाही. तुझ्यासमोर ते सिद्ध करायला मी बसणारही नाही. पण ज्याच्यावर माझी श्रद्धा आहे, तो खोट्या नमस्कारानं खूश होत असेल असं मला वाटत नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या वेळी तू हात जोडलेस आणि नजर माझ्याकडं ठेवलीस. माझं मन राखायला केलंस, ते समजलं. पुन्हा करू नकोस. आरती चालू असताना बाहेर ओट्यावर बसलीस तरी चालेल. नंतर आत ये आणि शिरा खा, तो तुझ्या आईनं केलेला असतो.

तुला वाटतं, या गावात देव नाकारणारी तू पहिलीच. तसं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि दिली. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, ही बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच प्रतिज्ञा. आपल्या गावातल्या किती घरांनी घरातले देव त्या काळात सोडले, ते मी माझ्या वडिलांकडून ऐकलं आहे. त्या घरातल्या बायांसोबत तुझी आजी आयुष्यभर वावरात निंदणीला आणि कापूस वेचायला गेली. एका धुऱ्यावर बसून भाकर खाल्ली. त्यांच्याकडं देव्हारा नाही याचं तिला कधी नवल वाटलं नाही. तुझं वाटतं, कारण तू तिच्या मांडीवर बसून तिच्यासोबत टाळ्या वाजवलेल्या आहेत. तिला देवाची चिंता कमी आहे. ज्यात आपण दोघी एकत्र होतो ते सगळं पोरीला आता खोटं वाटत असेल, ही तिची चिंता आहे. ते खोटं वाटत नसेल तर तसं तिला सांग. मी मधे पडून सांगून उपयोग नाही.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी तू विचारलंस, मूर्ती जेवते का? प्रश्न बरोबर होता. गाडगेबाबा कीर्तनात असेच प्रश्न विचारत आणि समोरच्या माणसांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. बाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातले, १८७६ चा जन्म. मुलीच्या बारशाला बोकड आणि दारूची रीत होती, ती मोडून त्यांनी भाऊबंदांना गोड जेवण वाढलं. पंढरपूरला जायचे ते वाळवंट झाडायला. त्यांना कोणी नास्तिक म्हटलं असेल तर म्हटलं असेल, आमच्यासाठी ते संतच. पण बाबांचा प्रश्न समोरच्या माणसासाठी असायचा. तुझा प्रश्न आजीकडं तोंड करून होता आणि ऐकवायचा होता पाहुण्यांना. सोळा भाज्यांसाठी ती पहाटेपासून चुलीपुढं होती. तिला एकटीला गाठून विचारलं असतंस तर तिनं उत्तर दिलं असतं, आणि ते तुला वाटतं तितकं भाबडं नसतं.

आता तुझा खरा प्रश्न. तो तू मूर्तीवरून विचारला नाहीस, तुझ्या मैत्रिणीचे वडील गेले तेव्हा विचारलास. गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली ते २०१७ चं साल. तू बारावीला होतीस. तिच्या अंगणात बसायला आलेली माणसं म्हणत होती, देवाची मर्जी. तू घरी येऊन म्हणालीस, बाबा, ही ज्याची मर्जी असेल त्याला मी कधी हात जोडणार नाही. त्या दिवशी तू विश्वास सोडलास, असं मी मनाशी धरून आहे. पुण्याचा किंवा कॉलेजचा त्यात दोष नाही, हे तुझ्या मामालाही सांगितलं.

मी आस्तिक आहे आणि तरीही सांगतो, ती देवाची मर्जी नव्हती. ते कर्ज होतं, अळी होती, पडलेला भाव होता आणि वेळेवर दार न वाजवणारे आम्ही शेजारी होतो. यातलं प्रत्येक काम माणसाचं आहे. देवाच्या नावावर ते ढकलणारा माणूस देवाचाही अपमान करतो आणि मेलेल्याचाही. मग देव असताना हे का होतं, असं तू विचारशील. मला माहीत नाही. मी भजनात बसतो ते उत्तर मिळालं म्हणून नाही. उत्तर नसतानाही मला दुसऱ्या दिवशी वावरात जायचं असतं, त्या मैत्रिणीच्या आईच्या पेरणीला आपली बैलजोडी न्यायची असते, आणि ती ताकद मला तिथून मिळते. तुला ती दुसरीकडून मिळते. तू १९ मार्चला अन्नत्याग करतेस. १९८६ साली त्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे बायको आणि चार मुलांसह आत्महत्या करून गेले, त्यांच्यासाठी. पहिल्यांदा तू जेवली नाहीस तेव्हा आजीनं विचारलं, हा कोनत्या देवाचा उपास वं? तू सगळं सांगितलंस. ती तेव्हापासून तो दिवस धरते. एकादशीसारखा धरते, त्याहूनही कडक, साबुदाणाही खात नाही. तुम्हा दोघींत किती अंतर आहे ते मोजायचं असेल तर हाही दिवस धरून मोज.

आणखी एका ठिकाणी आपण सगळे एकाच बाजूला आहोत. डवरणीच्या दिवसात साप चावला की अजूनही कोणी तरी म्हणतं, आधी भगताकडं न्या. अशा माणसाला दवाखान्यात नेण्यापासून अडवणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. तो कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झिजले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या आणि त्याच वर्षी कायदा झाला. प्रश्न विचारणाऱ्या माणसाला मारून धर्म राखला जातो, असं समजणाऱ्यांशी माझं काही नातं नाही. हे मी मंडळात उभं राहून बोललो आहे. दोघे जण उठून गेले. बाकीचे बसून राहिले.

सेवाग्रामला तू शाळेच्या सहलीत गेली होतीस, पण गोरांची गोष्ट तिथं तुला कोणी सांगितली नसेल. गोपराजू रामचंद्र राव, आंध्रातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. उघड नास्तिक. १९४० साली त्यांनी कृष्णा जिल्ह्यातल्या मुदुनूर गावी नास्तिक केंद्र काढलं आणि अस्पृश्यता मोडायच्या कामाला लागले. १९४४ मध्ये ते सेवाग्रामला गांधीजींना भेटले. एक रोज प्रार्थना करणारा, दुसरा प्रार्थना नको म्हणणारा. दोघांनी एकमेकांना प्रश्न विचारले, मतं कोणाचीच बदलली नाहीत, आणि अस्पृश्यतेच्या कामात दोघांचं पटलं. आपली आस्तिकता बरोबर आणि तुमची नास्तिकता चूक असं आपण म्हणू शकत नाही, या अर्थाचं गांधीजी त्यांना बोलले होते. पुढं गोरांच्या मुलीचं लग्न अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या मुलाशी ठरलं. ते सेवाग्रामला लावायचं गांधीजींनी कबूल केलं, आणि विधीत देवाच्या नावाऐवजी सत्याचं नाव घ्यायलाही तयार झाले. ३० जानेवारी १९४८ ला त्यांची हत्या झाली. लग्न ठरल्याप्रमाणं मार्चमध्ये सेवाग्रामच्या आश्रमात लागलं.

ज्याच्या ओठावर शेवटपर्यंत रामनाम होतं, तो दुसऱ्याच्या पोरीच्या लग्नातून देवाचं नाव बाजूला ठेवायला तयार झाला. मग स्वतःच्या पोरीसाठी मी का होऊ नये?

मी तुला सत्यशोधक पद्धत सुचवली होती. जोतीरावांनी १८७३ साली समाज काढला आणि त्याच वर्षी भटजीवाचून लग्न लावून दाखवलं, म्हणून. तू म्हणालीस, तीत निर्मिक, म्हणजे जग घडवणारा, येतो आणि तोही मी मानत नाही, मग म्हणायचं कशाला? तुला समजावता आलं असतं, पण समजावलं नाही. जे मानत नाही ते ओठावर आणायचं नाही, हा बाणा मला आवडला. विशेष विवाह कायद्यात म्हणायचं एकच वाक्य आहे, मी तुम्हाला माझे कायदेशीर पती म्हणून स्वीकारते. तेवढंच म्हण, पण स्पष्ट म्हण.

आता आजीचं. काल रात्री तिला मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "अग्नी नाई, देव नाई, बामन नाई. मंग साक्ष कोनाची?"

हा प्रश्न तिनं चिडून विचारलेला नाही आणि रडूनही नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं आहे. मी सांगितलं, तिथं तीन माणसं साक्षीदार लागतात, त्यांची सही असते. तर तिनं विचारलं, कोनची तीन मानसं? मला वाटतं, त्यातली एक आजी असावी. तिला सही येते, थोडी वाकडी येते पण येते. मात्र तू स्वतः फोन करून तिला विचार. माझ्याकडून निरोप नको. ती आधी नाही म्हणेल, मग लुगडं कोणतं नेसू म्हणेल.

एक गोष्ट मात्र तिच्याकडून मागू नकोस. सही करताना ती तोंडानं रामाचं नाव घेईल, आणि तुमच्या दोघांच्या डोक्यावरून हात फिरवताना विठ्ठलाला काही तरी सांगेल. त्या वेळी तिला अडवू नकोस, तुझ्या मित्रमैत्रिणींनाही हसू देऊ नकोस. तू तुझं खरं बोलणार, तिला तिचं बोलू दे. मुलाकडच्या लोकांनाही हे आधीच सांगून ठेव.

तारीख सीतादही, म्हणजे कापूस वेचणीची वावरातली पूजा, झाल्यानंतरची धरा, म्हणजे पहिल्या वेच्याचा पैसा हाती असेल. नोटीस तीस दिवस आधी लावावी लागते, तेव्हा अर्ज आत्ताच भरून टाका. आजीच्या आधार कार्डावर नाव एक आणि मतदार कार्डावर दुसरं आहे. ते सहीच्या वेळी चालेल की दुरुस्त करून घ्यावं लागेल, तेवढं ऑफिसात विचारून मला लवकर कळव. मी सोमवारी तालुक्याला जाणार आहे.

तुझा,
बाबा