पहिला क्रमांक म्हणजे विजेतेपद नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलच्या २०२५-२६ च्या नव्या हंगामावर आपल्या क्रीडापानावर आलेला लेख वाचला. मराठी दैनिकात या खेळाला एवढी जागा मिळाली, याचा मनापासून आनंद झाला. लेखातल्या दोन विधानांविषयी मात्र लिहावेसे वाटते. इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठाचा पुरुष संघ यंदा राष्ट्रीय विजेता होणार हे जवळपास ठरलेले आहे, हे पहिले. या विद्यापीठाने बास्केटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद कधी जिंकलेलेच नाही, हे दुसरे.

आधी दुसऱ्याविषयी. १९९८ ते २००० मी पर्ड्यूला एम.एस. करत होतो. मार्च १९९९ मध्ये तिथल्या महिला संघाने राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ड्यूक विद्यापीठाला ६२-४५ असे हरवले. कॅरोलिन पेक त्यांच्या प्रशिक्षक होत्या. आम्ही आठ-दहा भारतीय मुले एका छोट्या टीव्हीसमोर दाटीवाटीने बसून तो सामना बघत होतो आणि शेवटचा भोंगा वाजल्यावर जॅकेट चढवायचेही भान न राहता बाहेर धावलो होतो. त्यामुळे ‘कधीच नाही’ हे वाक्य मला लागले. कोरी आहे ती पुरुष संघाची पाटी. १९६९ मध्ये ते अंतिम सामन्यात पोचले आणि लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाकडून ९२-७२ असे हरले. त्या यूसीएलएचे प्रशिक्षक जॉन वुडन स्वतः पर्ड्यूचेच जुने खेळाडू!

आता यंदाचे. एपी (असोसिएटेड प्रेस) या वृत्तसंस्थेच्या पुरुष संघांच्या हंगामपूर्व क्रमवारीत पर्ड्यू पहिल्या क्रमांकावर आहे, तेही विद्यापीठाच्या इतिहासात प्रथमच. पण हंगामाआधी पहिला असलेला संघ शेवटी विजेता ठरला, असे याआधी घडले ते २००९ मध्ये, नॉर्थ कॅरोलायनाच्या बाबतीत. त्यानंतर एकदाही नाही. २०२२-२३ मध्ये तर पहिल्या क्रमांकाने सुरुवात केलेल्या याच नॉर्थ कॅरोलायनाला विजेतेपद ठरवणाऱ्या ६८ संघांच्या मुख्य स्पर्धेतही जागा मिळाली नाही.

कारण स्पर्धेच्या रचनेतच आहे. एनबीएसारखी सात सामन्यांची मालिका इथे नसते. चाळीस मिनिटांचा एक सामना, हरलात की घरी. विजेतेपदासाठी असे सहा सामने ओळीने जिंकावे लागतात. एखादा संघ इतका भारी आहे की प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता ८० टक्के आहे, असे धरा. सहाही जिंकण्याची शक्यता उरते २६ टक्के. प्रत्येक वेळी ९० टक्के धरली तरी ती ५३ च्या पुढे जात नाही, आणि शेवटच्या फेऱ्यांत देशातल्या सर्वोत्तम संघांसमोर ९० टक्के कुणाचेच नसतात.

हे गणित मी वहीत शिकलो नाही. १८ मार्च २०२३, आपल्याकडे पहाटेचे सव्वाचार. पर्ड्यूला सोळा संघांच्या गटात पहिले मानांकन, समोर सोळावे मानांकन असलेला फेअरली डिकिन्सनचा संघ, उंचीने देशातला सर्वांत बुटका. पर्ड्यूकडे सात फूट चार इंचांचा झॅक ईडी. त्याने २१ गुण आणि १५ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यांनंतर पकडलेले चेंडू) मिळवले, पण बाकीच्यांना बास्केट सापडेना. तीन गुणांचे २६ फटके मारले, त्यातले पाच आत गेले. ६३-५८ हरलो. पुढच्याच वर्षी पर्ड्यूचा हाच संघ अंतिम सामन्यात पोचला. तो सामना इथे गुढीपाडव्याच्या सकाळी होता. गुढी उभारायची खोळंबली, घरचे सगळे माझ्यासोबत टीव्हीपुढे. ईडीने एकट्याने ३७ गुण केले. कनेक्टिकटने त्याला ते करू दिले आणि बाकीच्यांना बांधून ठेवले. संपूर्ण सामन्यात पर्ड्यूचा तीन गुणांचा एकच फटका आत गेला. ७५-६०.

तरीही यंदा मला आशा आहे, आणि ती क्रमवारीमुळे नाही. ब्रेडन स्मिथ, फ्लेचर लॉयर आणि ट्रे कॉफमन-रेन हे तिघे त्या दोन्ही पराभवांच्या वेळी संघात होते आणि या हंगामातही आहेत. ट्रान्स्फर पोर्टल (विद्यापीठ बदलण्यासाठीची नोंदणी) आणि जाहिरातींच्या पैशामुळे हल्ली कॉलेजचे खेळाडू दरवर्षी विद्यापीठ बदलतात. अशा काळात तीन प्रमुख खेळाडूंनी शेवटच्या वर्षापर्यंत एकाच प्रशिक्षकाकडे राहणे फार दुर्मीळ झाले आहे. मॅट पेंटर २००५ पासून तिथे आहेत आणि माणसे टिकवणे हेच त्यांचे खरे कसब आहे. स्मिथ जेमतेम सहा फुटांचा, पण गेल्या हंगामात बिग टेन परिषदेचा (पर्ड्यू ज्यात खेळते त्या विद्यापीठांच्या गटाचा) सर्वोत्तम खेळाडू तोच होता. आपला माणूस मोकळा होण्याआधीच त्याचा पास निघालेला असतो. याच बिग टेनकडे २००० मधल्या मिशिगन स्टेटनंतर २०२५ पर्यंत पुरुषांचे विजेतेपद आलेले नाही, हेही ओझे आहेच.

माझी खरी काळजी बचावाची आहे. गेल्या वर्षी डॅनियल जेकबसनचा पाय दुसऱ्याच सामन्यात मोडला आणि बास्केटखाली भरवशाचा उंच माणूस उरला नाही. आता सात फूट चार इंचांचा तो परतला आहे, जोडीला ऑस्ट्रेलियाचा ऑस्कर क्लफ आला आहे. हे दोघे रिंगण राखू शकले तर या संघाला फारशी उणीव राहत नाही. मार्च २०२५ मध्ये ह्यूस्टनने सेकंदही शिल्लक नसताना बास्केट करून आपल्याला ६२-६० हरवले, ते इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये. एप्रिल २०२६ चा अंतिम सामना त्याच स्टेडियममध्ये आहे, विद्यापीठापासून गाडीने तासाभराच्या अंतरावर. प्रेक्षक आपलेच असतील.

मला विचाराल तर पाचांत एक संधी. आपल्या लेखाने दिली त्याहून बरीच कमी, पण मी हा संघ बघू लागल्यापासून इतकी मोठी संधी क्वचितच आली असेल.

१९९९ च्या महिला संघाविषयीची दुरुस्ती मात्र कृपया छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे