पेटीची फळी

देवगड

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू धड बोलली नाहीस. गणितात 40 पैकी 11, एवढं सांगून ‘आईला द्या’ म्हणालीस. मी खोदून विचारलं नाही, इथेही विचारणार नाही. पण इकॉनॉमिक्स सोडून यायचं मनात नाही ना आणलंस?

तू आठवीत होतीस. दलालाने आंब्याची 2000 ची पेटी 20 टक्के चढवली, पंधरा दिवसांनी 20 टक्के उतरवली. ‘होती तिथेच आली,’ म्हणाला. मीही मान डोलावली. तू पेटीच्या फळीवर पेन्सिलीने मांडलंस: चढताना 2000 चे टक्के, उतरताना 2400 चे. 2400 वजा 480, म्हणजे 1920. पेटीमागे 80 रुपये गेले! ती फळी अजून माळ्यावर आहे. आईने दोनदा चुलीत घालायला काढली होती.

आणि त्याच मुलीला गणित जमत नाही?

तुझं ते अवकलनाचं, म्हणजे डिफरन्सिएशनचं, पुस्तक मी गणपतीत चाळलं. निम्मं डोक्यावरून गेलं. पण आपले चार गडी दिवसाला 40 क्रेट उतरवतात. पाचवा लावला की 46, कारण आंबे उतरवायचे झेले चारच. पाचव्याची मजुरी त्या वरच्या 6 क्रेटांत सुटते का, ते मी बघतो; सरासरी घेऊन बसलो तर फसेन. तुमचं ‘सीमांत’ ते हेच ना? अवकलनात हेच पाऊल बारीक बारीक करत नेतात, असं मला वाटलं.

रोज दहा गणितं सोडव, उत्तर न बघता. समीकरणं कच्ची असतील तर नववीचं पुस्तक काढ, त्यात लाज कसली. रात्री मोबाईल... झालं, सुरू झालं माझं. रागावू नको.

बाळकाकाने कर्जाचा कागद नीट वाचला नव्हता एवढंच. लाखावर 12 टक्के, सहा वर्षं. तो 72 हजार व्याज धरून बसला. व्याजावर व्याज चढत 97 हजारांवर गेलं. पुढचं तुला ठाऊक आहे. म्हणून जीव घाबरतो, मार्कांसाठी नव्हे.

सोडणार नाहीस ना?

कुळथाची पिठी आणि सोलं आईने बांधून ठेवलीत. पाठवणार होतो, पण वहिनी म्हणाली तू शुक्रवारचं कोकणकन्याचं तिकीट काढलंयस. कणकवलीला घ्यायला येईन. परतीचंही काढलंस का?

तुझे,
बाबा