कॅसेट फुंकू नका, आणि जेरी लॉसनबद्दल थोडं

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

माळ्यावरचा टीव्ही गेम नातवानं खाली काढायला लावला आणि एकही कॅसेट चालेना, असं आई फोनवर म्हणाली. टाकून देऊ नका. बेळगावच्या पावसाळ्यात इतकी वर्षं पडलेल्या कॅसेटच्या पिना काळ्या पडणारच. बहुतेक वेळा दोष तेवढाच असतो.

बाबा, उद्यमबागेत जन्म फिटिंगमध्ये गेलेल्या माणसाला यातली गोम लगेच कळेल. प्रोग्रामची चिप असलेली कॅसेट बदलून खेळायचा गेम घराघरांत पहिल्यांदा आला नोव्हेंबर १९७६ मध्ये, अमेरिकेत. फेअरचाइल्ड कंपनीचा चॅनल एफ. त्या कामाचा प्रमुख जेरी लॉसन. जन्म १९४० चा, ब्रुकलिनमधला. वडील गोदी कामगार. पोरवयातच लोकांचे टीव्ही दुरुस्त करून पैसे मिळवायचा. कॉलेजात गेला, पण डिग्री पुरी केली नाही.

त्याआधी ओडिसी नावाच्या गेमला कार्डं होती, पण ती आतली जोडणी फक्त बदलायची. प्रोग्राम त्यात नसायचा. प्रोग्राम साठवलेली रॉम चिप काढता-घालता यावी ही कल्पना अल्पेक्स कंपनीच्या वॉलेस किर्शनर आणि लॉरेन्स हॅस्केल यांची. लॉसननं ती पारखली आणि त्यांच्या यंत्रातला इंटेल ८०८० प्रोसेसर काढून फेअरचाइल्डचा एफ८ बसवला. बाहेरचं रूप निक टेल्सफोरनं आणि यांत्रिक भाग रॉन स्मिथनं सांभाळला. सगळं श्रेय एकट्या लॉसनला देतात ते मला पटत नाही. पण प्रयोगाच्या बोर्डातून दुकानात विकायची वस्तू त्याच्या हाताखाली झाली, हे मोठंच काम.

अडचण कुठं होती बघा. तोवर असे बोर्ड कारागीर एकदा बसवायचे आणि विसरायचे. इथं पोरं दिवसातून दहा वेळा काढणार-घालणार. घासून पिनांचा मुलामा जातो, अंगातल्या स्थिर विजेनं चिप मरते. शिवाय यंत्रातून निघणाऱ्या लहरी शेजाऱ्यांच्या टीव्हीत घुसू नयेत म्हणून सरकारी नियम कडक. मुख्य बोर्ड ॲल्युमिनियमच्या आवरणात घातला, कॅसेटच्या खाचेवरही धातूचं कवच आलं आणि नवी कॅसेट निघाली की ती सरकारी तपासणीला द्यावी लागे.

पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, अटारी कंपनीचा कॅसेटवाला गेम आला आणि त्यानं हळूहळू बाजार घेतला. १९८० मध्ये लॉसननं फेअरचाइल्ड सोडून व्हिडिओसॉफ्ट ही स्वतःची गेम कंपनी काढली, ती थोडीच वर्षं चालली. मार्च २०११ मध्ये गेम बनवणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं त्याचा गौरव केला. ९ एप्रिलला तो गेला. मधुमेहानं त्याआधीच एक पाय आणि एका डोळ्याची दृष्टी घेतली होती. आई, डोळ्यांच्या तपासणीला या महिन्यात जाच.

आता कॅसेटचं. आधी ॲडॉप्टर भिंतीतून काढा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणा, ९९ टक्क्यांचं. इअरबड ओला करा, पण थेंब गळता नको, आणि पिनांच्या लांबीच्या दिशेनं पुसा, आडवं नको. बोळा काळा येतो तोवर नवा घ्या. तरीही डाग राहिला तर पांढरं मऊ खोडरबर हलकेच फिरवा आणि चुरा ब्रशनं झाडा. पॉलिश पेपर अजिबात लावू नका. मुलामा निघाला की उघडं तांबं लगेच काळं पडतं. दहा मिनिटं वाळू द्या.

यंत्राच्या खाचेत सुई घालू नका, आतल्या पत्त्या वाकतात. जुन्या एटीएम कार्डाला पातळ सुती कापड गुंडाळून, अल्कोहोल लावून चार-पाच वेळा आत-बाहेर करा. कापड जाड असेल तर पत्त्या सैल होतील. फुंकर नातवाला मारू देऊ नका, तोंडातली वाफच पिना खाते. चालू यंत्रात कॅसेट घालायची नाही. सगळ्या पिना एकदम टेकत नाहीत, त्यात चिप जाऊ शकते.

जुना ॲडॉप्टर सहसा ९ व्होल्टचा असतो. नवा घेताना जुन्यावरचे आकडे आणि प्लस-मायनसची खूण जुळवा. आणि आपल्या टीव्हीला पिवळी पिन बसते का तेवढं बाबा मागून बघून कळवा, नसेल तर जोडणी मी पाठवते.

तुमची लेक