चौकोनी भोकाचा बोल्ट

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
रविवार, 5 ऑक्टोबर 2025

ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही तीनदा विचारलंत, "गाडीचं नक्की काय झालं गं?" आणि तिन्ही वेळा मी सुरुवात करायच्या आत आईनं फोन घेतला. तिला चकल्या किती पाठवायच्या ते ठरवायचं होतं. म्हणून सगळं लिहूनच पाठवते. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढायला सांगा आणि गॅरेजमध्ये तुमच्या खुर्चीवर बसून निवांत वाचा. तुम्हाला यातली गोष्ट कमी आणि बिघाड जास्त आवडेल, हे मला ठाऊक आहे.

ऑगस्टमध्ये आमच्या होंडा सीआर-व्ही गाडीचं ऑइल बदलायचं होतं आणि पुढचे ब्रेकपॅडही संपत आले होते. मी नेहमी ज्या मेकॅनिककडे जाते तो सुट्टीवर. तुमचे जावई म्हणाले, घराजवळच्या दुकानात टाक, तासात देतात. टाकली. शनिवारी दुपारी गाडी घरी आली, बिल घेऊन. सोमवारी सकाळी सॅन होजेला ऑफिसला निघाले आणि 880 हायवेवर चढले, तर पुढून बारीक कण्हल्यासारखा आवाज. मला वाटलं शेजारच्या ट्रकचा असेल. मग ट्रक पुढे गेला आणि आवाज मागे राहिला. रेस वाढवली तर इंजिन ओरडतंय, काटा चार हजारांवर, आणि गाडी मात्र जागच्या जागी. आरशात मागे पांढुरका धूर. कशीबशी कडेच्या पट्ट्यावर घेतली आणि इंजिन बंद केलं.

तिथं उभी राहून पहिली गोष्ट काय केली असेल? बॉनेट उघडलं. शेजारून गाड्या सुसाट चाललेल्या, टो ट्रकवाला फोनवर सांगतोय गाडीतच बसा, आणि मी तुमच्यासारखी मनात पाच मिनिटं मोजत उभी, तेल खाली उतरू दे म्हणून. मग तेल मोजायची काडी काढली, टिश्यूनं पुसली, परत घातली, परत काढली. तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर! आणि रंग? नव्या तेलाचा मधासारखा नाही, जुन्याचा काळा नाही. चहात दूध कमी पडल्यावर होतो तसा.

तुम्ही एव्हाना ओळखलं असेल. मला मिनिटभर लागलं.

ह्या गाडीत गिअर नाहीत, सीव्हीटी आहे. म्हणजे आपली किनेटिक होंडा स्कूटर. 1984 साली ती आली तेव्हा कराडात ती उघडायला सगळे घाबरायचे, असं तुम्हीच सांगायचात. तोच खेळ, दोन पुल्या आणि एक बेल्ट. फरक एवढाच की इथला बेल्ट रबराचा नाही, पोलादी आहे, आणि पुल्या तेलाच्या दाबानं आवळल्या जातात. तेल गेलं की पकड गेली. बेल्ट घसरतो, पुलीवर ओरखडे पडतात, मग त्या गिअरबॉक्सचं भंगार.

आता खालून बघा. इंजिनाच्या चेंबरचा, म्हणजे खालच्या तेलाच्या भांड्याचा, बोल्ट साधा सहाकोनी, 17 नंबरच्या पान्याचा. गिअरबॉक्सच्या बोल्टला मात्र मधोमध चौकोनी भोक, तीन सुती रॅचेटचं चौकोनी टोक त्यात थेट बसतं, सॉकेट लागतच नाही. नवख्या माणसाला तो सोपा दिसतो. त्यानं तोच उघडला. तेल आलं, ट्रे भरला, बोल्ट लावला. मग फिल्टर बदलला आणि वरून इंजिनात चार लिटर नवीन तेल ओतलं, जे जुन्या चार लिटरच्या डोक्यावर जाऊन बसलं. इंजिनात दुप्पट आणि गिअरबॉक्स कोरडा. ही चूक इथं इतक्या वेळा होते की मेकॅनिक लोक ऐकल्यावर डोळेही मोठे करत नाहीत, नुसती मान हलवतात.

मी गाडी परत त्या दुकानात नेली नाही. तेवढं शहाणपण सुचलं. टो करून माझ्या नेहमीच्या मेकॅनिककडे नेली (तो आला होता परत) आणि त्याला म्हटलं, काहीही दुरुस्त करू नकोस, नुसतं मोजून दे. त्यानं दोन्हीकडचं तेल वेगवेगळ्या ट्रेमध्ये काढलं. इंजिनातून आठ लिटरच्या आसपास. गिअरबॉक्समधून पेलाभर, तेही करपलेलं, आणि त्यात चांदीच्या वर्खासारखा चुरा. चौकोनी भोकाच्या कडेला रॅचेटचा ताजा ओरखडा. इंजिनाच्या बोल्टवर मात्र जुनी धूळ तशीच, त्याला कुणी हात लावला नव्हता. सगळ्याचे फोटो, तारीख-वेळेसकट, आणि त्याची सही असलेला कागद. नवीन गिअरबॉक्सचा अंदाज साडेसहा हजार डॉलर. आईला रुपयात सांगू नका.

मग दुकान. मॅनेजरनं आधी हसून बोलावलं, मग फोटो बघून हसू आवरलं. म्हणाला, गाडी 1 लाख 10 हजार मैल चाललेली आहे, गिअरबॉक्स जायलाच आला होता, योगायोग. बाबा, हा शब्द मी तुमच्या तोंडून एकदाही ऐकलेला नाही. मी म्हटलं, ठीक, ज्यानं काम केलं त्याला बोलवा. एक पोरगा आला. एकोणीस-वीस वर्षांचा, नखांत काळं, हातात चिंधी. मी त्याला एवढंच विचारलं, "बोल्ट कशानं उघडलास? सॉकेट लावून की नुसत्या रॅचेटनं?" तो मॅनेजरकडे बघायला लागला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "नुसत्या रॅचेटनं."

त्याला कळलं होतं. बोलताना त्याचे कान लाल झाले होते. खोटं बोलला असता तरी माझ्याकडे फोटो होतेच, पण तो बोलला नाही. मॅनेजरनं त्याला आत पाठवलं.

पुढचं सगळं कागदांवर चाललं, आणि इथं मला ह्या राज्याचं कौतुक वाटलं. इथं गाड्या दुरुस्त करणाऱ्यांवर लक्ष ठेवायला सरकारचा एक वेगळा ब्युरोच आहे, ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर. दुकानाला त्यांची नोंदणी लागते. काम सुरू करण्याआधी लेखी अंदाज द्यायचा, गिऱ्हाइकानं हो म्हटल्याशिवाय त्याच्यावर पैसे लावायचे नाहीत, आणि गिऱ्हाइकानं आधीच मागितले असतील तर काढलेले जुने पार्ट परत द्यायचे. हे शेवटचं वाचून मला हसू आलं. तुम्ही काढलेला प्रत्येक बेअरिंग, प्रत्येक वायसर वर्तमानपत्रात गुंडाळून मालकाच्या सीटखाली ठेवायचात. लोक म्हणायचे, मेस्त्री, हे भंगार कशाला? तुम्ही म्हणायचात, "बघा तरी, काय गेलं होतं ते." इथं त्याचा कायदा आहे.

ब्युरोकडे तक्रार फुकट करता येते, ऑनलाइन. ते दोघांशी बोलतात, कागद मागवतात. पैसे द्या असा हुकूम मात्र ते काढू शकत नाहीत, तो कोर्टाचा अधिकार. त्यासाठी छोट्या दाव्यांचं कोर्ट आहे, साध्या माणसाला 12,500 डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो, फी 30 ते 75 डॉलर. आणि तुम्हाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे तिथं वकील उभा राहू शकत नाही. तुम्ही आणि समोरचा, मध्ये न्यायाधीश. तिथं जायच्या आधी समोरच्याकडे पैसे मागावे लागतात, म्हणून मी दुकानाला रजिस्टर पत्र पाठवलं. चौदा दिवसांची मुदत, गिअरबॉक्स, टो, भाड्याची गाडी, सगळे आकडे, फोटोंच्या प्रती. त्या पत्रात 'तुमच्या कर्मचाऱ्यानं' असं लिहिलं. बिलावर पोराचं नाव होतं, ते मी घातलं नाही. तुमचे जावई म्हणाले, नाव घातलंस तर केस पक्की होईल. मी म्हटलं, केस फोटोंनी पक्की आहे.

अकराव्या दिवशी त्यांच्या विम्याचा माणूस आला. त्याचं पहिलं म्हणणं, भंगारातला गिअरबॉक्स बसवून देतो. मी नाही म्हटलं. भंगारातल्या गिअरबॉक्सनं आधी काय सोसलंय ते कोण सांगणार? शेवटी कारखान्यातून नव्यानं बांधून आलेला बसवायचा, माझ्याच मेकॅनिकनं, वॉरंटीसकट, असं ठरलं. भाड्याची गाडी एकोणीस दिवस, तीही त्यांच्या खर्चानं. मग सहीसाठी एक कागद पुढे केला. त्यात एक ओळ होती, की यापुढे ह्या कामाबद्दल माझी कुठलीही मागणी राहणार नाही. दुप्पट तेलावर चाललेल्या इंजिनाचे ऑइल सील पुढच्या महिन्यात गळायला लागले तर? ती ओळ खोडायला लावली, इंजिन तपासून घेतलं, एक सील ओलं निघालं, ते बदललं, आणि मगच सही केली. कोर्टात जावं लागलं नाही. थोडं वाईटच वाटलं, तयारी झाली होती माझी.

मामाच्या गाडीचं सर्व्हिसिंगवाल्यांनी जे बिघडवून ठेवलं ते प्रकरण अजून भिजत पडलंय का? त्याला सांगा, नुसता फोनवर भांडू नकोस. दुसऱ्याकडून लेखी तपासणी करून घे, मग लेखी मागणी. 1915 हा ग्राहकांचा सरकारी नंबर आहे, आणि साताऱ्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे. वकील लागतोच असं नाही, पण दोन वर्षांच्या आत जायला हवं. आणि मुख्य म्हणजे गाडी परत त्याच दुकानात 'बघून घ्या' म्हणून लावू नकोस. एकदा त्यांनी उघडली की काय मोडलं होतं ते कुणालाच कळत नाही.

आता ज्याच्यासाठी हे पत्र फोनवर न बोलता लिहायला घेतलं, ते.

त्या एकोणीस दिवसांत मला रोज वडापवाल्या काकांची कमांडर जीप आठवत होती. 1994 चा पावसाळा. कराड-पाटण वडाप मारायचे ते, सीटवर भाडं घेऊन. तुम्ही जीपचं ऑइल बदललंत, आणि दुसऱ्या दिवशी मल्हारपेठच्या अलीकडे चेंबरचा बोल्ट पडला, तेल रस्त्यावर, इंजिन जाम. ट्रॅक्टरनं ओढून आणली होती. माणसं जमली होती. काका काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "माझ्या हातनं राहिला. गाडी इथंच असू दे." क्रँक कोल्हापूरला उद्यमनगरात ग्राइंडिंगला नेलात, बेअरिंगं नवी टाकलीत, आणि गाडी उभी होती तेवढ्या दिवसांची त्यांची रोजची कमाईही दिलीत. त्या दिवाळीला मला आणि दादाला कपडे नव्हते. आईनं कारण सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही. तुम्ही तर कुठल्या कायद्याचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं.

पण बाबा, तो बोल्ट तुमच्या हातनं राहिला नव्हता.

मी अकरा वर्षांची होते. गाडीखालच्या खड्ड्यात बॅटरी धरून मीच होते. तुम्ही म्हणालात, "हातानं आटे धरव, मी पाना घेऊन येतो." मी बोल्ट हातानं लावला, बोटं दुखेपर्यंत आवळला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, तुम्ही तिकडे गेलात. परत आलात तेव्हा विचारलंत, "झालं का?" आणि मी म्हटलं, "झालं." मला वाटलं होतं, खरंच झालं. तुम्ही माझ्यावर विसंबून वरून तेल ओतलंत.

तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का? मल्हारपेठहून जीप आली तेव्हा तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलं होतं, तेवढंच. त्यानंतर खड्ड्यात मला बोलवायचं बंद केलं नाहीत, उलट दुसऱ्याच आठवड्यात पाना माझ्या हातात दिलात आणि आवळल्यावर शेवटचा झटका किती द्यायचा ते शिकवलंत. मी एकतीस वर्षं बोलले नाही. त्या पोरानं तर मॅनेजरसमोर उभं राहून, परक्या बाईला, मिनिटभरात सांगितलं.

परवा त्या दुकानावरून गेले. तो अजून तिथंच आहे, टायर ढकलत होता. बरं वाटलं.

काढलेला जुना बोल्ट मी मागून घेतला आहे. जानेवारीत येताना आणते, दादाला दाखवायला. आईला सांगा चकल्या एक किलो पुरे, मागच्या वेळी कस्टमनं अडवलं नव्हतं पण अर्ध्यांचा भुगा झाला होता. तुमच्या गुडघ्याच्या गोळ्या चालू आहेत ना? खड्ड्यात उतरू नका, दादा बघतो आहे.

तुमची,
छोटी